कॉलेजच्या संघांचा इतिहास लिहायचाय? आधी व्हाउचरची फाईल उघडा

सांगलीतल्या एका कॉलेजात मी ३१ वर्षं जिमखान्याचा क्लार्क होतो. खेळाडू कधीच नव्हतो. टीए-डीएचे, म्हणजे प्रवासभत्ता आणि दैनिक भत्त्याचे, कागद करायचे, डेड स्टॉक रजिस्टरात बॅटी-चेंडू चढवायचे, पात्रता फॉर्मवर फोटो चिकटवायचे आणि मॅचहून परतलेल्या पोरांच्या सह्या घ्यायच्या, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर वर्षभरात कॉलेजातून फोन आला, "भाऊसाहेब, हीरकमहोत्सव जवळ आलाय, आपल्या संघांचा इतिहास तुम्हीच लिहा. दोन महिन्यांत होईल ना?" अडीच वर्षं लागली. आता आजूबाजूच्या कॉलेजांतून विचारणा होते, कसं केलं म्हणून. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

बहुतेक जण सुरुवात कपाटातल्या चषकांपासून करतात. तसं करू नका. चषकावर जिंकलेल्या वर्षांचीच नोंद असते आणि कुठल्याही कॉलेजची हरलेली वर्षं जिंकलेल्यांपेक्षा जास्त असतात. शिवाय चषकावर खेळाडूंची नावं नसतात. मग हरलेल्या पोरांचा इतिहास लिहायचाच नाही का? ती पोरं सापडतात टीए-डीएच्या व्हाउचरवर. त्यावर येण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या.

संघ कुणाचा?

आपल्याकडे मुलगा आधी कॉलेजच्या संघातून विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेत खेळतो. तिथून संघ आंतरविभागीयला जातो. तिथल्या खेळावरून आणि निवड चाचणीतून विद्यापीठाचा संघ ठरतो. तो संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो आणि तिथं टिकला तर अखिल भारतीयला. म्हातारपणी माणूस या पाच पायऱ्यांची एकच पायरी करतो आणि म्हणतो, "आम्ही ऑल इंडिया जिंकलो." खोटं बोलायचं त्याच्या मनात नसतं. तो विद्यापीठाच्या संघातून गेलेला असतो, संघात आपल्या कॉलेजचा तो एकटाच असतो आणि संघ पश्चिम विभागात तिसरा आलेला असतो. म्हणून वहीत दोन वेगळे रकाने आखा, एक कॉलेजच्या संघाचा आणि एक विद्यापीठाच्या संघात गेलेल्या आपल्या खेळाडूंचा, म्हणजे ज्यांना आपण कलरहोल्डर म्हणतो त्यांचा. हे दोन रकाने एकत्र झाले की पुढचं सगळं पुस्तक बिघडलं म्हणून समजा.

विद्यापीठ कोणतं, हाही प्रश्न आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. त्याच्याआधी आपल्या भागातली कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे होती, आणि ते १९४९ साली सुरू झालं. त्याच्याही आधी मुंबई. म्हणजे १९१९ चं विलिंग्डन किंवा साताऱ्याचं १९४७ चं छत्रपती शिवाजी कॉलेज घेतलं, तर जुन्या खेळाडूंचे कागद तीन गावांत शोधावे लागतील. आमचं कॉलेज नंतरचं, म्हणून मी त्यातून सुटलो. सोलापूरचं विद्यापीठ २००४ साली वेगळं झालं. त्याच्याआधीच्या आंतरविभागीय निकालांत सोलापूरची कॉलेजं दिसली तर गोंधळू नका.

जुनी वर्तमानपत्रं चाळताना आणखी एक खड्डा आहे. १९४९ ते १९६० या काळात आपल्या जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. 'दक्षिण साताऱ्याचा संघ विजयी' अशी बातमी दिसली की साताऱ्याची समजून पान उलटू नका, ती आपलीच आहे. साताऱ्याच्या मित्रांनी उलट बाजूने हीच काळजी घ्यावी.

आणि गावाच्या अभिमानाला दारातच थांबवा. क्रिकेटचे विजय हजारे १९१५ साली सांगलीत जन्मले, बॅडमिंटनचे नंदू नाटेकर १९३३ साली सांगलीत जन्मले, म्हणून त्यांना आपल्या जिमखान्याच्या इतिहासात ओढून आणायचं कारण नाही. क्रिकेटपटू स्मृती मानधना सांगलीजवळच्या माधवनगरची. तिने २०१३ साली १५० चेंडूंत नाबाद २२४ केल्या, त्या महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून. ते यश राज्याच्या संघाच्या खात्यावर जातं, कॉलेजच्या नाही. आमच्या समितीतल्या एका सरांना हे पटवायला मला तीन बैठका आणि बरीच भडंग लागली.

व्हाउचर वाचायचं कसं

संघ बाहेरगावी गेला की टीए-डीएचं व्हाउचर होतं. त्यावर तारीख, स्पर्धेचं ठिकाण, एसटीचं किंवा रेल्वेचं भाडं, किती दिवसांचा भत्ता आणि प्रत्येकाची सही असते. राखीव खेळाडूचीसुद्धा. किंबहुना राखीव खेळाडूचं नाव दुसऱ्या कुठल्याच कागदावर मिळत नाही. वार्षिकांकात कर्णधार असतो, बातमीत सर्वाधिक गुण घेणारा असतो. बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा फक्त माझ्या व्हाउचरवर असतो.

भत्त्याचे दिवस मोजा. स्पर्धा तीन दिवसांची आणि भत्ता एका दिवसाचा, म्हणजे संघ पहिल्याच फेरीत परतला. तीनही दिवसांचा भत्ता असेल तर निदान उपांत्य फेरीपर्यंत मजल गेलेली असते. याला अपवाद आहे. काही व्यवस्थापक हरल्यावर पोरांना एक दिवस ठेवून पन्हाळा दाखवायचे. म्हणून भत्त्याला जोडीला बिलं बघा. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन किलो पेढ्यांचं बिल लागलं असेल तर जिंकले. क्रेप बँडेज आणि मलमाचं बिल असेल तर हरले, निदान मार तरी खाल्ला. सहा हंगामांचे निकाल मी आधी नुसत्या पेढ्यांवरून लावले होते. पुढे बातम्या सापडल्या तेव्हा त्यातले पाच बरोबर निघाले. सहाव्या वेळचे पेढे प्राचार्यांच्या पीएचडीचे होते.

सही आहे म्हणजे माणूस गेलाच, असंही धरू नका. एकाच शाईत, एकाच वळणाच्या तीन सह्या दिसल्या तर सोबत जोडलेली तिकिटं मोजा. तेरा सह्या आणि अकरा तिकिटं असा हिशेब मीही पाहिलाय. त्यावर काय लिहायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. मी आकडा अकरा धरला आणि कुणाचंही नाव न घेता पुढे गेलो.

ऑडिट झालेली जुनी व्हाउचरं बऱ्याच ठिकाणी रद्दीत जातात. तुमच्याकडे गेली असतील तर कॅश बुक आणि खतावणी (लेजर) मागा, त्या सहसा टिकतात. तिथं नावं मिळणार नाहीत, पण रकमेवरून बरंच कळतं. 'कबड्डी संघ टीए-डीए' अशी एकच नोंद सप्टेंबरात असेल तर विभागीयलाच खेळ आटोपला. पुढच्या महिन्यात दुसरी, मोठी नोंद दिसली तर संघ आंतरविभागीयला गेला. रेल्वेच्या सवलतीच्या फॉर्मची स्थळप्रत, म्हणजे ऑफिसात ठेवलेली प्रत, कुणी जपली असेल तर सोन्याहून पिवळं, कारण तिच्यावर नावं असतात.

पैशाच्या कागदाला क्षुल्लक समजू नका. खाशाबा जाधवांचंच बघा. सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेता झाला. त्याने कोणत्या डावावर कुणाला पाडलं हे आपल्याकडच्या शंभरातल्या दोघांनाही सांगता येणार नाही. पण राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी त्याच्या प्रवासासाठी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

वार्षिकांकाची भाषा

कॉलेजच्या वार्षिकांकात 'जिमखाना वृत्त' असतं. ते वाचायला दुभाषी लागतो. 'थोडक्यात पराभव' म्हणजे बऱ्यापैकी हरले. 'चांगली लढत दिली' म्हणजे पहिल्या फेरीत गारद. 'अनुभव मिळाला' म्हणजे विचारूच नका. 'तांत्रिक कारणामुळे संघ सहभागी होऊ शकला नाही' म्हणजे एसटी चुकली किंवा कुणाचा तरी पात्रता फॉर्म नाकारला गेला. अशा वेळी आवक-जावक रजिस्टर बघा, विद्यापीठाच्या पत्राची नोंद तिथं असते.

वर्ष लिहिताना हंगाम लिहा, १९७१-७२ असं. आंतरविद्यापीठ स्पर्धा बऱ्याचदा डिसेंबर-जानेवारीत येतात. एकाच संघाला कुणी १९७१ चा म्हणतो, कुणी १९७२ चा, आणि पुस्तकात एका संघाचे दोन संघ होतात. आमच्या पहिल्या मसुद्यात खो-खोचा एक संघ असाच दोनदा उपविजेता झाला होता.

खेळांच्या नावांचंही भान ठेवा. जुन्या वृत्तांतलं हुतूतू म्हणजे पुढची कबड्डी, पण नियम तंतोतंत तेच असतील असं नाही. कोणी मोठा दावा केला तर तो खेळ त्या स्पर्धेत कधी आला हे आधी पाहा. विद्यापीठांच्या क्रिकेटचा रोहिंटन बारिया चषक १९३५-३६ पासूनचा. कबड्डी आंतरविद्यापीठ खेळांत आली १९६१ साली. १९५५ साली आंतरविद्यापीठ कबड्डी गाजवल्याचं कोणी सांगितलं तर वाद घालू नका. "आजोबा, ती स्पर्धा कुणी भरवली होती?" एवढंच विचारा.

ढाली आणि फोटो

ढाली-चषकांकडे वळायचं ते आता. फिरत्या ढालीवरच्या छोट्या पट्ट्या सगळ्या वाचा, त्यावर दुसऱ्या कॉलेजांचेही विजय असतात आणि त्यांच्या इतिहासकाराशी देवाणघेवाण करता येते. मात्र पट्ट्या चिंचेनं किंवा पॉलिशनं घासून चकाचक करू नका. कोरलेली अक्षरं आधीच उथळ असतात, तीही जातात. खडूची भुकटी बोटानं हलकेच फिरवा आणि तिरक्या उजेडात मोबाईलनं फोटो काढा. काही ढाली परत करायच्या राहून गेलेल्या असतात. आमच्या कपाटात एक होती, १९८० च्या दशकातली. ती मूळ कॉलेजला पोचवली तेव्हा तिथल्या क्लार्कनं मला चहा पाजला आणि मग हळूच विचारलं, "लेट फी मागायची का ओ, भाऊसाहेब?"

संघाच्या फोटोमागे बॉलपेननं काहीही लिहू नका. दाबाची खूण पुढच्या बाजूला उमटते. मऊ पेन्सिल घ्या. नावं लिहिताना 'बसलेले, डावीकडून' म्हणजे फोटो बघणाऱ्याची डावी बाजू, हे प्रत्येकाला समजावून सांगा, कारण जो स्वतः फोटोत आहे तो स्वतःच्या डाव्या हातापासून मोजतो. फोटो एकाला एकट्यानं दाखवू नका. तिघांना एकत्र बसवा, ते भांडतील आणि भांडणातून नावं बाहेर येतील.

कडेला एक माणूस उभा असतो, खाकी किंवा पांढऱ्या कपड्यांत, हातात चेंडूंची जाळी. नावांच्या यादीत तो नसतो. तो जिमखान्याचा शिपाई. त्याचं नाव पगारपत्रकात मिळतं. आमच्या पुस्तकात अशी चार नावं आली आणि त्यासाठी मी समितीत आवाज चढवला हे कबूल करतो.

मुलींचे संघ

इथं सगळ्यांत जास्त वेळ द्या, कारण इथंच सगळ्यांत जास्त पानं कोरी राहतात. मुलाचं नाव जन्मभर तेच राहतं. मुलीचं आडनाव लग्नानंतर बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि जुन्या पिढीत तर लग्नातच पहिलं नावही बदलायचं. वार्षिकांकात 'कु.' आणि दोन आद्याक्षरं एवढंच असलं तर माणूस शोधायचा कसा?

पहिली पायरी म्हणजे कॉलेजचं जनरल रजिस्टर. तिथं वडिलांचं पूर्ण नाव आणि मूळ गाव असतं. त्या गावी जा, पण वाटेल तेव्हा नको. गावाच्या जत्रेला जा, नाहीतर दिवाळीत. त्या दिवसांत माहेरवाशिणी आलेल्या असतात. तासगाव, पलूस, वाळवा या तालुक्यांतल्या जत्रा मी यासाठीच फिरलो. चार दिवस फोन करून जे मिळालं नव्हतं ते देवळासमोर पंधरा मिनिटांत मिळालं. एका म्हातारीला फोटो दाखवला तर म्हणाली, "ही व्हय? ही आमच्या थोरल्या जावेची भाची. इचलकरंजीला दिलीया."

घरी गेलात की आधी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला, येण्याचं कारण सांगा, मग ताईंशी. एका घरी सासूबाईंना सून खेळायची हे माहीतच नव्हतं. तीस वर्षं एका छताखाली राहून. ताईंनी ट्रंकेतून विद्यापीठाचा ब्लेझर काढला, कसरीनं खाल्लेला, खिशावरचं बोधचिन्ह मात्र शाबूत. सासूबाई बराच वेळ तो ब्लेझर हातात धरून बसल्या आणि मग म्हणाल्या, "मला सांगायचं तरी गं." मी चहा पुरा न करता उठलो.

पुस्तकात माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं छापा, आधी माहेरचं, कारण ती त्या नावानं खेळली. दोन्ही छापण्याआधी तिची परवानगी घ्या.

बोलतं करणं

"तुमचा अविस्मरणीय क्षण कोणता?" हा टीव्हीवरचा प्रश्न आहे आणि उत्तरही टीव्हीवरचंच मिळतं. उतरला कुठं होता, भात कच्चा होता का, बूट कुणाचे होते, हे विचारा. बुटांवरून आमच्या हाती अख्खी गोष्ट लागली. एका धावपटूनं एका हंगामात दोन मोठ्या शर्यती मित्राच्या स्पाइक्सवर धावल्या होत्या, पुढे कापूस कोंबून. डेड स्टॉक रजिस्टर पाहिलं तर त्या वर्षी स्पाइक्सची खरेदीच नव्हती. दोन्ही बाजू जुळल्या.

वर्ष आठवत नसेल तर मोठ्या घटनेला गाठ मारा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा आणि ऐन हंगामातला. मग १९७२ चा दुष्काळ, १९८३ चा विश्वचषक, २००५ चा महापूर. "भूकंपाच्या आधी का नंतर?" असं विचारलं की माणूस लगेच सांगतो. विलिंग्डनसारख्या जुन्या कॉलेजांवर काम करणाऱ्यांनी १९४२-४३ च्या हंगामाकडे वेगळं बघावं. चले जाव आणि प्रतिसरकारच्या त्या दिवसांत कोरं पान दिसलं तर त्याचा दोष जिमखान्याला देऊ नये.

भिजलेले कागद

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ ची. त्या पुरात गावातल्या नगरवाचनालयाची पुस्तकं गेली आणि आमच्या जिमखान्याचे खालचे दोन कप्पे. मी घाईनं सगळ्या फायली गच्चीवर कडक उन्हात पसरल्या. चूक माझीच. कागदाचे पापड झाले आणि फोटो एकमेकांना असे चिकटले की पुन्हा सुटले नाहीत.

तुमच्यावर ही वेळ आली तर भिजलेली पानं ओढून सोडवू नका. मध्ये कोरा शोषक कागद घाला, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा आणि कागद बदलत राहा. छापील वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते. फोटो एकमेकांपासून सुटे करून स्वच्छ गार पाण्यातून हलकेच काढा आणि चित्राची बाजू वर ठेवून वाळवा. एवढं सगळं एकदम जमणार नसेल तर फायली प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदाला बुरशी लागत नाही आणि तुम्हाला वेळ मिळतो. ओळखीचा आईस्क्रीमवाला असेल तर बघा. मला हे नंतर कळलं.

मोबाईलनं प्रती काढण्याबद्दल फार लिहीत नाही, पोरांना ते आपल्यापेक्षा चांगलं येतं. फक्त फाईलच्या नावात हंगाम आणि खेळ टाकायला सांगा, नाहीतर तीन हजार फोटो आणि एकाचाही पत्ता नाही अशी गत होते.

मसुदा

प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून आली हे लिहा. व्हाउचर, वार्षिकांक, बातमी किंवा तोंडी. दोन कागद जुळत नसतील तर दोन्ही छापा. बोगस खेळाडूचं प्रकरण प्रत्येक कॉलेजात एखादं तरी असतं. ते लपवू नका, पण नाव गाळा. तो माणूस आज कुणाचा तरी आजोबा आहे.

छापण्याआधी मसुद्याच्या दहा झेरॉक्स काढा. माजी खेळाडूंच्या मेळाव्यात त्या टेबलावर ठेवा आणि प्रत्येकीला सुतळीनं पेन्सिल बांधा. आम्ही ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस दुरुस्त्या झाल्या. त्यातली एक १९७० च्या दशकातल्या कबड्डी संघाची होती. मी एका गृहस्थांना राखीव पाचांत घातलं होतं. त्यांनी ते नाव खोडलं, बाण काढून वरच्या सातांत नेलं आणि समासात लिहिलं, 'मी मैदानात होतो.' व्हाउचरवर बारा सह्या होत्या, त्यांची बारावी. पण सह्यांच्या क्रमावरून मैदानात कोण होतं ते कळत नाही, ते गुणपत्रकावरूनच कळतं आणि गुणपत्रक काही सापडलं नाही. मी त्यांना सातांत घेतलं आणि खाली टीप टाकली, 'खेळाडूच्या सांगण्यावरून.' त्यामुळे सातांत आठ नावं झाली. तशीच छापली आहेत.